आर्डिथच्या कोपऱ्यात एक माणूस कमी

आर्डिथ व्हॉसबर्गने पस्तीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढलं. दर चार वर्षांनी ऐन हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ती त्याच शाळेच्या व्यायामशाळेत, उमेदवाराचा फलक धरून एका कोपऱ्यात उभी राहायची. अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात असंच असतं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, याचा पहिला कौल आमचा; आणि तोही गुपचूप चिठ्ठी टाकून नाही, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. इथे जो तोंडावर आपटला, त्याला पुढच्या राज्यांत कुणी विचारत नाही. म्हणून मोठमोठी माणसं वर्षभर आमच्या मक्याचं कौतुक करत फिरतात. एरवी आमची आठवण कुणाला येते?

त्या साली आमच्या गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता. आर्डिथच्या सुनेचं बाळंतपण हायवेच्या कडेला गाडीत झालं. त्यावर बोलणारा उमेदवार एकच होता. आर्डिथ त्याच्यासाठी थंडीत सगळं गाव दारोदार फिरली होती.

सभेला अठ्ठ्याण्णव माणसं आली. प्रत्येक उमेदवाराच्या माणसांचा एक कोपरा, आणि तो टिकायला पंधरा जण लागत; कमी पडले तर कोपरा फुटला, मग त्यातल्यांनी टिकलेल्या कोपऱ्यात जायचं नाहीतर घरी. पहिल्या मोजणीत आमचे, मला धरून, बरोब्बर पंधरा भरले. आता फुटलेल्या कोपऱ्यांतली माणसं इकडेतिकडे होणार आणि पुन्हा मोजणी होणार. कागदावर चढतो तो दुसरा आकडा.

तेवढ्यात आमच्याच कोपऱ्यातली, वृद्धाश्रमातली नर्स लाडॉना म्हणाली, "आर्डिथ, माझी रात्रपाळी आठला सुरू होते गं. निघू?"

मी आर्डिथची बाही ओढली. "सोडू नकोस तिला. वीस मिनिटं थांबव."

"तिथे म्हातारे औषधाची वाट बघत बसलेत," आर्डिथ म्हणाली. "जा गं तू. रस्त्यावर बर्फ आहे, सांभाळून."

माझं डोकं फिरलं. मी बरंच काही बोललो, ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि सुट्या झालेल्या माणसांकडे गेली. पण ती माणसं नऊच्या नऊ मोठ्या कोपऱ्याकडे वळली. जिंकणाऱ्याच्या मांडवात गर्दी असतेच. त्याच कोपऱ्यात तिचा नवरा मर्ल खिशात हात घालून उभा होता.

"मर्ल, एकच माणूस हवाय."

"आर्डी, तुझा माणूस पुढच्या राज्यात पोचायच्या आत घरी जाणार. कशाला गुडघे झिजवतेस?"

"हे असं प्रत्येक जण म्हणतो, म्हणून तो घरी जातो."

"आठ वेळा उभी राहिलीस. एकदा तरी तुझा टिकला का?"

"तुझी सून गाडीत बाळंत झाली, मर्ल."

"ते मला माहीत आहे. गाडी मीच चालवत होतो." तो जमिनीकडे बघत म्हणाला. पण जागचा हलला नाही.

आर्डिथ आपल्या कोपऱ्यात परतली. मोजणी झाली. चौदा. आमचा कोपरा मोडला. सहा जण कोट चढवून घरी गेले. बाकीचे जड पायांनी मोठ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, आर्डिथही.

मग जिल्ह्याच्या सभेसाठी प्रतिनिधी निवडायची वेळ आली. म्हणजे मार्चमधला एक अख्खा शनिवार लोखंडी खुर्चीवर. मघापासून टाळ्या पिटणारे जिंकलेले वीर आता बुटांच्या नाड्या तपासू लागले. मर्लने छत न्याहाळलं.

आर्डिथने हात वर केला.

"त्यांच्या बाजूने जाणार तू?" मी विचारलं.

"बाळंतपणाचा विभाग परत उघडा, असा ठराव तिथे कुणीतरी मांडायला नको?" ती म्हणाली आणि तिथल्याच बाकावर बसली. तिला उभं राहवत नव्हतं.

चौथ्या दिवशी आमच्या उमेदवाराने माघार घेतली. बाकीच्या राज्यांतल्या लोकांनी त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. मार्चमधल्या त्या सभेत आर्डिथचा ठराव दुपारी चारला आला, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे बसलेल्या बाईचा खांदा धरून ती उठली आणि ठराव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.