चंद्रीच्या अंगावरची पाऊणकी

मी म्हशीच्या पोटावर ‘७ पाऊण किती?’ असं लिहीत होते, तेवढ्यात मागे सायकलची घंटी वाजली. वळून बघते तर दिपोटीसाहेब. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. मी तेव्हा टेम्पररी शिक्षिका होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

“बाई, हे काय चाललंय?”

“फळा लिहितेय, साहेब.”

झालं होतं असं. कोल्हापुरात फ्ल्यूची साथ आलेली. शाळा बंद. पोरांनी एकत्र जमायचं नाही, असा हुकूम. आम्ही शिक्षकांनी मात्र रोज जाऊन मस्टरवर सही करायची आणि रिकाम्या बाकांकडे बघत बसायचं. माझा वर्ग नुकताच पाऊणकीला लागला होता. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, असा. रोज घोकला नाही तर तो ओल्या साबणासारखा निसटतो.

आधी मी कागदांवर गणितं लिहून घरोघर नेली. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत पहिल्याच दारात अक्कांनी कागद चिमट्यात धरला आणि थेट चुलीत घातला. अक्का मूळच्या कुरुंदवाडच्या. त्यांची सुमती माझ्या वर्गात.

“घरोघर हिंडलेला कागद, बाई. त्यातनं ताप आला म्हंजे?”

आता रोज प्रत्येक दारात जाणारं आणि तरी कुणालाही नकोसं न वाटणारं असं काय आहे? मी विचार करत होते आणि उत्तर समोर उभं राहून रवंथ करत होतं. आमच्याकडे गवळी म्हैसच दारात आणतो, डोळ्यांदेखत धार काढून देतो. तातोबा गवळ्याची चंद्री ताजी भादरलेली, काळी कुळकुळीत. शाळेचा फळासुद्धा इतका काळा नव्हता.

“म्हशीला शाळंत घालताय व्हय?” तातोबा म्हणाला. “दृष्ट लागंल की!”

“अहो, काळ्यावर पांढरं असलं की दृष्ट लागत नाही.”

हे त्याला पटलं. खडू भिजवून लिहिलं की अक्षर चांगलं उठायचं. सकाळी चंद्री पुढे, मी मागे. दार उघडायचं, आत भांडं वाजायचं, आईच्या पदराआडून पोर डोकवायचं, गणित वाचायचं आणि ओरडून उत्तर द्यायचं.

दोनच दिवसांत पोरं भलतीच हुशार झाली. चंद्री दारात पोचायच्या आत उत्तर तयार! मला आधी अभिमान वाटला. मग कळलं, पहिल्या घरची सुमती उत्तर सांगायची आणि ते खिडक्याखिडक्यांतून म्हशीच्या पुढे पळत जायचं.

मग मी चंद्रीच्या दोन्ही कुशींवर वेगवेगळी गणितं लिहिली. डाव्या रांगेतल्या घरांना डावी कूस, उजवीकडच्यांना उजवी. त्या दिवशी डावीकडचं उत्तर उजवीकडे गेलं आणि अख्खी रांग चुकली. सुमतीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढचा धडा बेरजेचा होता. पुस्तकातलं गणित मी जसंच्या तसं उतरवलं: ‘पावणेदोन शेर दूध, पाव शेर पाणी. एकूण किती?’ तातोबाला वाचता येत नव्हतं. दारोदारी बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकीने तर त्याची चरवी हातात घेऊन आत निरखून बघितलं. शेवटी अक्कांनी त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

तातोबा तिथल्या तिथं उसळला. “बाई! तुमच्या म्होरं धार काढतोय न्हवं? मग पानी कुठनं येईल? चंद्रीच्या आचळाला नळ बसिवलाय काय?”

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. मी हात जोडले. पण तो म्हैस घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, तो अट घेऊनच.

“आदी मला वाचून दावायचं. मग लिवायचं. आन् पान्याचं न्हाय.”

अशा सगळ्यातून पाऊणकी पुन्हा सुरळीत चाललेली असताना दिपोटीसाहेब सायकलवरून उतरले. त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. माझ्या हातातला खडू घेतला आणि पलीकडच्या कुशीवर स्वतः लिहिलं: ‘११ पाऊण किती?’ चंद्रीने अनोळखी हात ओळखला आणि शेपटीचा एक फटका त्यांच्या कोटावर दिला. माझी टेम्पररी नोकरी संपली, असंच मला वाटलं.

“सायेब,” तातोबाने दटावून विचारलं, “पान्याचं न्हाय न्हवं?”

साहेब कोट झटकत म्हशीमागे चालू लागले. पहिलं दार उघडलं. सुमतीने उंबऱ्यातून वाचलं, बोटं मोजली आणि ओरडली, “सव्वाआठ!” पुढच्या दारात सव्वाआठ. त्याच्या पुढे एकाने पावणेनऊ म्हटलं, आईने डोळे वटारले, त्याने दुरुस्त केलं. साहेब गल्लीच्या टोकापर्यंत आले.

“याला मी परवानगी देऊ शकत नाही,” ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

“पण ती माझ्याकडे कुणी मागितलेलीही नाही. आणि मी आज या गल्लीत आलेलो नाही.” सायकलवर टांग टाकता टाकता ते थांबले. आवाज उतरला. “काय हो, ही म्हैस आमच्या आळीत येते का? नातू पाऊणकीत कच्चा आहे.”

“येती की!” तातोबा म्हणाला. “पर सायेब, दूध घ्याया लागंल. नुसती शाळा न्हाय.”

साहेबांनी दोन शेराचा रतीब लावला. शाळा उघडल्यावर माझी कायमची ऑर्डर आली, तिच्यात म्हशीचा उल्लेख नव्हता. मी पुढे पुष्कळ वर्षं शिकवलं आणि नव्या शिक्षकांना एवढंच सांगत आले: फळा कुठलाही चालतो, फक्त त्याचा मालक दुखावू नये.