तबकातली चावी

कुजणाऱ्या झेंडूचा वास एकदा नाकात बसला की तो फुलाचा वास राहतच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, सानपाड्याच्या आमच्या नव्या सोसायटीच्या आवारात, लाल गाडीच्या नाकाडावर बांधलेला दसऱ्याचा हार पंधरा दिवस तसाच लोंबत होता. पाकळ्यांचा काळपट लगदा होऊन बंपरवरून ओघळला होता, त्यावर चिलटं घोंघावत होती आणि खाडीकडून वारा वळला की त्यात चिखलाचा नि कारखान्यांच्या धुराचा आंबूस दर्प मिसळायचा. हार काढायला कुणी पुढे होत नव्हतं, कारण गाडी बंद होती आणि गाडीचा विषय काढला की मी अंगावर येतो हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. नव्वदच्या दशकातला तो शरद ऋतू म्हटला की लोकांना चांदणं आठवत असेल; मला तो वास आठवतो. शी! आणि खरं सांगायचं तर ती शिसारी त्या हाराची नाहीच. त्या पंधरा दिवसांत बाळाराम म्हात्रे नावाच्या एका सरळ माणसाचं नाव मी माझ्या तोंडाने घाण केलं, त्याची आहे.

गाडी मुळात माझी नव्हती. थोरल्या भावाने, दादाने, परदेशातून कायमचं परतताना ती बोटीने आणली होती. दोनच दारांची, जमिनीसरशी बसकी, तेव्हाच दहा-बारा वर्षांची झालेली स्पोर्ट्स कार. वर्षभरात दादाला इथला कंटाळा आला, तो पुन्हा निघून गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं आता म्हणतो. तेव्हा मी ती मिरवत होतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करणारा, रोज स्कूटरवर जाणारा मी, रविवारी ती गाडी नुसती स्टेशनपर्यंत नेऊन आणायचो आणि तेवढ्यात किती माना वळल्या ते आरशात बघायचो. काय ती हौस! आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली दोन वाजवाव्यात असं वाटतं.

बाळाराम तळवलीचा. या सगळ्या वसाहतीखाली ज्यांची भातशेती गेली त्या घरांपैकी एका घरातला, पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा मेकॅनिक. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती, पण दर रविवारी सकाळी आठला तो आमच्या सोसायटीत यायचा. आवाराच्या भिंतीशी स्कूटरींची रांग लागलेली असायची, प्रत्येकीचं बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, आणि सगळ्यांच्या चाव्या वॉचमनच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात. कुणाची चावी कुठली हे त्याला पाठ होतं. लोक वर पोहे खात बसायचे आणि तो खाली रॉकेलच्या नि ऑइलच्या वासात, एकेका स्कूटरचा आवाज ऐकत, भिंतीची सावली संपेपर्यंत रांग संपवायचा. दसऱ्याच्या आठवडाभर आधी लाल गाडीचं सर्व्हिसिंगही त्यानेच केलं होतं, दोन दिवस आपल्या शेडमध्ये नेऊन, आणि गाडी परत आली ती मांजरीसारखी गुरगुरत.

दसऱ्याला मी गाडीची यथासांग पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, झेंडूचा हार, सगळं. हळद-कुंकू नीट चिकटावं म्हणून पाण्यात चांगलं दाट कालवलं आणि गाडीची चावीही तबकात ठेवून तिच्यावर त्याचा सढळ हाताने लेप दिला, वर अक्षता. माधवी, माझी बायको, म्हणालीसुद्धा, "अहो, चावी कशाला माखताय? टिळा पुरे की." पण यंत्राचा जीव चावीत असतो, असं काहीतरी भारदस्त बोलून मी तिला गप्प केलं. मग पंच्याने वरवर पुसलेली ती चावी लावून गाडी सुरू केली, लिंबू फुटलं, पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना.

होईना म्हणजे अजिबात होईना. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लागायचा, त्यावर 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं, आणि पुढे सगळं ठप्प. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून त्या परदेशी लोकांनी आत काहीतरी बसवलं होतं; संशय आला की ती मिटून घ्यायची आणि तीन-चार मिनिटं काही केल्या दाद द्यायची नाही. मी चावी फिरवत होतो, घाम पुसत होतो, थांबत होतो, पुन्हा फिरवत होतो. दिव्याचं आपलं चालूच. रविवारी बाळाराम आला तेव्हा त्याला बोलावलं. त्याने तासभर सगळं तपासलं, मग दिव्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "सायेब, बॅटरी चांगली हाय, स्टार्टर चांगला हाय. ह्या चावीचा काम वाटतं. देताव जरा? उजेरात बगतो."

मी चावी काढली आणि खिशात घातली. आजही तो क्षण आठवला की हात धुवावेसे वाटतात. स्टोअरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस मी; आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे संशयाने बघणं हीच माझी नोकरी. दोन दिवस गाडी याच्या शेडमध्ये होती, आणि आता हा चावी मागतोय! आतला अस्सल भाग काढून डुप्लिकेट बसवला असणार, दुसरं काय? गाववाले हे असेच, असा एक घाणेरडा विचारही मनात येऊन गेला. ज्यांच्या शेतांवर आपली गॅलरी उभी आहे त्यांच्याचबद्दल. बाळाराम क्षणभर माझ्या खिशाकडे बघत राहिला, मग आपले पाने-पक्कड गोळा करून निघून गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण त्याच रविवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टाकीचा विषय संपला होता, आणि मी उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं की म्हात्रे पार्ट बदलतो, माझ्या गाडीचा बदललाय, ज्याने त्याने सांभाळून राहावं. कुणी पुरावा विचारला नाही. उलट एकेकाला आठवायला लागलं. कुणाची स्कूटर ॲव्हरेज कमी देत होती, कुणाचा आरसा सैल झाला होता. सेक्रेटरींनी लगेच वॉचमनला बोलावून सांगितलं, त्याला आत सोडायचं नाही. पुढच्या रविवारी आठ वाजता मी गॅलरीतून पाहिलं. भिंतीशी एकही स्कूटर नव्हती. गेटापाशी बाळाराम सायकल धरून उभा होता, वॉचमन मान खाली घालून काहीतरी सांगत होता. बाळारामने वाद घातला नाही. त्याने एकदा वर, सगळ्या गॅलऱ्यांवरून नजर फिरवली, आणि मी पटकन आत सरलो.

दरम्यान मुंबईहून एक बडा मेकॅनिक आणला. तो पांढरा शर्ट घालून आला आणि चावीचं कुलूपच परदेशातून मागवावं लागेल, असं सांगून गेला. मग हताश होऊन मी दादाने ठेवलेलं गाडीचं माहितीपुस्तक उघडलं. डिक्शनरी घेऊन दोन दुपारी वाचलं. त्यात लिहिलं होतं की या चावीच्या पात्यात एक काळी गोळी बसवलेली आहे, गाडी त्या गोळीवरून मालकाला ओळखते, आणि दिवा लागून राहिला तर आधी ती गोळी स्वच्छ पुसावी. मी चावी खिडकीशी नेली. हरभऱ्याच्या डाळीएवढी ती गोळी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना, खाचेत, पिवळं-तांबडं काहीतरी वाळून टणक होऊन बसलं होतं. नखाने खरवडलं तर त्यात अर्धा तांदळाचा दाणा निघाला.

अक्षत!

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी ती चावी पुसली, मग खाली गाडीत जाऊन काडीला कापूस लावून कुलपाच्या फटीतूनही फिरवला. काडी पिवळीजर्द होऊन बाहेर आली. तीन-चार मिनिटं थांबलो. चावी फिरवली. दिवा लागला, विझला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तो आवाज ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी लगेच गाडी बंद केली. आणि खरी किळसवाणी गोष्ट पुढे आहे. मनात पहिला विचार आला तो हा, की हे कुणी पाहिलेलं नाही. कुलूप मागवलं, बसवलं, असं सांगितलं की झालं. काडी फेकून द्यायला मी उठलोसुद्धा, तर गाडीच्या दाराशी माधवी. तिने काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "म्हात्र्यांकडे जाऊन या आधी."

तो सडलेला हार मी हाताने ओढून काढला आणि गाडी घेऊन तळवलीला गेलो. शेडमध्ये बाळाराम एकटाच होता. मी सगळं सांगितलं. हळद, अक्षत, मीटिंग, काहीही गाळलं नाही, आणि हात जोडले. त्याने फडक्याने बोटं पुसत ऐकून घेतलं.

"गारी चालू झाली नं? बरा झाला," तो म्हणाला. मग आवाज न चढवता: "पन ह्या मना कशाला सांगताव, सायेब? मी चोर नाय, ह्या मना ठाव हाय. जिथं बोललाव, तिथं सांगा."

मी सांगितलं. पुढच्या रविवारी सकाळीच सगळ्यांना खाली बोलावून, काडी दाखवून सांगितलं. लोक खो खो हसले. हळदीने गाडीचं डोकं फिरलं, हा किस्सा पार जुईनगरपर्यंत गेला. मी कुणाला चोर म्हटलं होतं, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "चालायचंच हो. आता आपण वाशीचा माणूस लावलाय ना, शनिवारचा." वॉचमनने हळूच विचारलं, म्हात्र्याला मग आत सोडू का? मी म्हणालो, सोड, आणि त्याला तसा निरोपही दे. बाकीचे तोवर चहाकडे वळले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी आठ वाजता मी माझी स्कूटर भिंतीशी नेऊन लावली, बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि चावी वॉचमनच्या डब्यात टाकली. रिकाम्या डब्यात ती मोठ्याने वाजली. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. भिंतीची सावली आखडत स्कूटरच्या चाकापर्यंत आली, मग चाकावरूनही गेली. गेटातून दूधवाला आला, इस्त्रीवाला आला. बाराच्या सुमारास माधवीने वरून हाक मारली, "जेवायला येताय ना?"

मी उठलो. चावी डब्यातच राहू दिली.