उत्तरेच्या खिडकीतले डोळे

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, एक लांबट खोली आहे. तिथे एक बाई अठ्ठावीस वर्षं डोळे रंगवत होत्या. आजारात किंवा अपघातात कुणाचा डोळा गेला की त्याच्या खोबणीत बसेल असा प्लास्टिकचा डोळा साचेवाला करून द्यायचा, आणि शाबूत डोळ्याशी जुळेल असं बुबुळ या बाई त्यात रंगवायच्या. सगळं इस्पितळ त्यांना डोळेबाई म्हणायचं. पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं पदनाम तीन ओळींचं होतं आणि त्यात डोळा हा शब्दच नव्हता, त्यामुळे बाईंना आपलं हे नाव आवडायचं.

खोलीला एकच मोठी खिडकी, उत्तरेची. तिच्यातून ऊन कधी थेट आत यायचं नाही, दिवसभर सारखा, स्वच्छ उजेड असायचा. त्या खिडकीपाशी पेशंटला स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर करायला सांगायचं आणि कामाला लागायचं. बाईंकडे तपकिरी रंगाच्याच अकरा बाटल्या होत्या. पांढऱ्या भागातल्या बारीक शिरा त्या लाल रेशमाच्या धाग्यातून काढलेल्या तंतूंनी बसवायच्या, आणि तो तंतू इतका नाजूक की बसवताना श्वास रोखून धरावा लागे. नवरा चिडवायचा, "आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण ही कधी माझ्या डोळ्यांत बघत नाही. कुठला तपकिरी आहे ते बघते." बाई म्हणायच्या, "सात नंबर. आणि आता जरा पिवळट व्हायला लागलाय, डॉक्टरला दाखव."

सुरुवातीला त्यांना एका डोळ्याला पाच दिवस लागत. पुढे हात बसला, तशी दोन दिवसांत कामं व्हायला लागली. गेल्या काही वर्षांत तर शेजारी रेडिओ चालू असायचा, बातम्या ऐकता ऐकता बुबुळ पुरं व्हायचं आणि चहाच्या वेळेपर्यंत ब्रश धुऊनही व्हायचे. डोळा रंगवणं म्हणजे बाईंच्या हातचा मळ, असं साचेवाला कौतुकाने सगळ्यांना सांगायचा. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या सुमाराला पडदे शिवणारी एक तरुण बाई आली. दुकानात मशीनवर बसायची. आजारात डावा डोळा काढावा लागला होता. नवरा दूरगावी कामाला, घरी ती, तिची आई आणि चार वर्षांची मुलगी. डोळेबाईंनी दोन दिवसांत तिचा डोळा केला आणि तो असा काही जमला की मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका बोलावून विचारलं, यातला खोटा कुठला? निम्म्यांनी उजवा सांगितला. पडदेवाली लाजून हसली. बाई आपल्या टेबलाशी पाठ करून उभ्या होत्या, पण कान तिकडेच होते आणि मनातून त्या चांगल्याच फुलल्या होत्या.

तीन आठवड्यांनी पडदेवाली पुन्हा दारात उभी राहिली. काळा चष्मा लावलेला, हातात डबी.

"बाई, हा डोळा परत घ्या."

"का गं? टोचतोय?"

"नाही."

"पाणी येतं? रंग उतरला?"

"नाही हो, डोळा छानच आहे. पण माझी मुलगी बघत नाही माझ्याकडे." तिने डबी टेबलावर ठेवली. "पट्टी होती तेव्हा मांडीवर येऊन बसायची. पट्टीवर फुलं काढायची पेनाने. आता म्हणते, आई, तुझा तो डोळा रागावलाय माझ्यावर. पाठ करून बसते. घास माझ्या हातून घेत नाही, आजीला हाक मारते."

बाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं, डोळा घातला आणि भिंग लावून दोन्ही बाजू पाहिल्या. रंग तोच, शिरा त्याच, बाहुली केसभरही लहानमोठी नव्हती. त्या म्हणाल्या, "मुलं लहान असतात. सवय होईल हळूहळू." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की ते म्हणतानाच त्यांचा हात रेडिओकडे गेला होता.

पडदेवाली उठली. दारापर्यंत जाऊन म्हणाली, "एक कळत नाही बघा. सकाळी शाळेत सोडते तेव्हा नीट बघते माझ्याकडे, पापासुद्धा देते. संध्याकाळी घरी गेले की सगळं बिनसतं."

बाईंचा हात रेडिओवरून खाली आला. "पत्ता लिहून दे," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी येते."

अठ्ठावीस वर्षांत त्या कुठल्याच पेशंटच्या घरी गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून, तीनदा पत्ता विचारून पोचल्या. इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी, त्यामुळे दिवसाही अंधार. शेगडीच्या वर एक पिवळा बल्ब, बस. टेबलाखाली मुलगी चमच्याने फरशी ठोकत बसली होती. पडदेवाली मोरीशी भांडी विसळत होती. चाहूल लागली तशी ती हात पुसत वळली आणि म्हणाली, "या ना बाई, घर सापडलं का?"

बाई दारातच थबकल्या. अंधुक उजेडात तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली सावकाश मोठी झाली होती, काळीभोर, मऊ. डावीकडची मात्र खिडकीतल्या उजेडासाठी केलेली, टाचणीच्या डोक्याएवढी. एक डोळा पाहुणीचं स्वागत करत होता आणि दुसरा तिला खडसावत होता. बाईंना स्वतःचं काम बघवेना. त्यांनी नजर खाली वळवली तर टेबलाखालून मुलगी त्यांच्याकडेच बघत होती.

"तो तुम्ही केलाय?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्याला सांगा ना, रागावू नको म्हणून."

"सांगते," बाई म्हणाल्या. चहासुद्धा न घेता त्या निघाल्या.

उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, हे तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, मग बाईंना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे त्या हे काम शिकल्या, तो पेशंटला सगळ्यात आधी एकच विचारायचा, तुम्ही संध्याकाळी कुठे बसता? मग पडदा ओढून, तसला उजेड करून पुन्हा माप घ्यायचा. बाईही तसंच करायच्या. मग कधी थांबलं हे? बसच्या दांड्याला धरून त्या आठवत राहिल्या, आणि त्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक डोळ्याची एक नोंद, शेजारी समास. पहिल्या वर्षांतले समास भरलेले होते. "संध्याकाळी दुकानात, ट्यूबलाइट." "बस चालवतो, रात्रपाळी." "मुलांना शिकवते, कंदील. वीज नाही." पुढे नोंदी आखूड झाल्या. "दुकान." "घर." मग नुसतीच एक आडवी रेघ. आणि मग, आजपासून सतरा वर्षांपूर्वीच्या एका पानापासून, समास कोरा. कुणी ओरडलं नव्हतं, कामं वाढली म्हणून कुणी घाई केली नव्हती. विचारायचं राहत गेलं, एवढंच. बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि पानं उलटत राहिल्या. साचेवाला चहा घेऊन आला तो त्यांचा चेहरा बघून कप ठेवून परत गेला.

त्या दिवशी रेडिओचा प्लग निघाला तो कायमचाच. बाईंनी बाजारातून तसाच पिवळा बल्ब आणला, खिडकीला काळं कापड लावलं आणि पडदेवालीला तासभर त्या उजेडात बसवून माप घेतलं. मोठ्या डॉक्टरांना हे रुचलं नाही. "अहो बाई, एवढी मोठी बाहुली केली तर दिवसा विचित्र दिसेल. लोकांत वावरायचं असतं पेशंटला."

"लोक किती वेळ बघतात डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "घटकाभर. मुलगी रोज संध्याकाळभर बघते."

हे ठसक्यात बोलून तर झालं, पण डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे बाईंना कळत होतं. दिवसाचं बिघडवून संध्याकाळचं साधायचं, हे काही उत्तर नव्हे. त्यांनी दोन बुबुळं रंगवली आणि टाकून दिली. तिसरं बरं वाटलं, पण खिडकीशी नेताच चेहरा दचकल्यासारखा दिसायला लागला. घरी जेवताना त्यांचं लक्ष नसायचं. नवरा म्हणाला, "चार महिने राहिलेत, आता कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" बाई त्याच्या डोळ्यांकडे बघत होत्या. मग उठून त्यांनी खोलीतला दिवा घालवला, पुन्हा लावला, पुन्हा घालवला. नवरा बिचारा घास हातात धरून बसून राहिला.

चौथ्या बुबुळात त्यांनी काळी बाहुली लहानच ठेवली आणि तिच्याभोवती अकरा नंबरच्या, जवळजवळ काळ्याच तपकिरीचं एक कडं काढलं, बाहेरच्या बाजूला विरत जाणारं. खिडकीच्या उजेडात ते कडं तपकिरी दिसायचं. पिवळ्या बल्बखाली ते काळ्यात मिसळायचं आणि बाहुली मोठी वाटायची. वाचायला सोपं वाटतं हे, पण कडं कुठे संपवायचं ते कळायला बाईंना सहा दिवस लागले. किती वर्षांनी त्यांना कामाची धास्ती वाटली होती, आणि खरं सांगायचं तर त्या धास्तीचा त्यांना आनंदही झाला होता.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा त्या स्वयंपाकघरात, दाराशी उभ्या राहिल्या. नवा डोळा घातलेली पडदेवाली ताट घेऊन बल्बखाली गुडघ्यांवर बसली. आजीने नातीला टेबलाखालून ओढून काढलं. मुलगी आधी आजीच्या पदराआडून बघत होती, मग पुढे आली. बराच वेळ तिने या डोळ्याकडे पाहिलं, त्या डोळ्याकडे पाहिलं. एक बोट आईच्या भुवईवर ठेवलं.

"झोप झाली वाटतं त्याची," ती म्हणाली. आणि मांडीवर चढून बसून तिने आ केला, घासासाठी.

पडदेवालीला ताटापर्यंत हात नेता येईना, इतकी ती रडत होती. आजीनेच घास तिच्या हातात दिला. बाई तिथे थांबल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांना जागा मिळाली, पण बसल्यावरही जीव शांत होईना. एका घरातला राग त्यांनी उतरवला होता. कोऱ्या समासांची घरं अजून चारशे नऊ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी वही उघडली, कोऱ्या समासाचं पहिलंच पान काढलं आणि फोन फिरवला. नंबर अजून चालू होता. एका वयस्क माणसाने उचलला. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी त्याचा डोळा केला होता.

"इस्पितळातून? काही चुकलं का हो माझं?" तो घाबरून म्हणाला. "डोळा मी रोज धुतो."

"तुमचं काही चुकलं नाही. मला एकच विचारायचंय. संध्याकाळी घरी तुम्ही कुठे बसता?"

तो हळूच म्हणाला, "भिंतीकडे. ती बाजू भिंतीकडे करून बसतो. मुलं लहान होती तेव्हा बिचकायची, म्हणून तेव्हापासून ती खुर्ची तिथेच आहे." आणि मग, बाईंना वाईट वाटू नये म्हणून, घाईघाईने, "पण डोळा तुम्ही फारच सुंदर केलाय हं बाई. आमच्याच घरातला उजेड वाईट आहे."

"नाही हो," बाई म्हणाल्या. त्यांनी कोऱ्या समासावर पेन टेकवलं. "चूक माझी आहे. कधी येता?"