शिंगाड्यापुरतं कमरेइतकं पाणी

जिल्हा परिषदेतून शिपाई म्हणून रिटायर झालेले आमच्या गल्लीतले काका नसते, तर त्या वर्षी आमचा शिंगाडा चिखलातच सडला असता. हे आधी लिहून ठेवते. सातवीत शाळा सुटलेली मी, लिहिता लिहिता महत्त्वाचंच राहून जाईल अशी धास्ती वाटते.

इथे पुण्यात होस्टेलच्या पोळ्या लाटताना मधेच गावचा तलाव दिसायला लागतो. पाणी दिसतच नाही, नुसती शिंगाड्याची पानं, आणि त्यांतून आवाज न करता सरकणारा आमचा डोंगा, लहानशी लाकडी होडी.

काढणीला वीसेक दिवस होते. तेवढ्यात तलावाखालच्या धानवाल्यांनी, म्हणजे भातशेतीवाल्यांनी, आमदारांना गाठलं, की गेट उघडा, धान वाळून राहिला. त्यांचं खोटं नव्हतं, म्हणूनच मला धडकी भरली; तलाव रिकामा झाला की आमच्या वेली चिखलात बसणार. आम्ही शिंगाडेवाल्या बायांनी एक अर्ज केला, अक्षर माझं. त्याच्याच झेरॉक्स आमदारांकडे, तहसीलला आणि पाटबंधारेच्या ऑफिसला दिल्या. आठ दिवसांनी तिन्ही कागद ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन आमच्याच सरपंचांच्या टेबलावर आले. धानवाले हसले, “शिंगाड्यावर सरकार चालते का वो, वहिनी?”

काकांनी अर्ज वाचला. “पोरी, सगळ्यायले एकच रडगाणं काहून सांगून राहिली? पाटबंधारेच्या सायबाले पाण्याचं माप पायजे. आमदाराले माणसं दिसले पायजे. पंचायतीचा ठराव पायजे. अन् धानवाल्यायले संग घे.”

“ते येतीन का, काका?”

“विचारून तं पाह्य.”

दोन सकाळी मी डोंग्यातून बांबू बुडवत फिरले. धुकं इतकं, की काठ कुठे आहे ते कळेना. बांबूवरच्या ओलीला खुणा करत गेले. हिशेब निघाला, की कमरेइतकं पाणी राखलं तर शिंगाडा तगतो, वरचं धानाला पुरतं. ते ऐकून धानवाले विचारात पडले, मग ग्रामसभेत ठरावाच्या बाजूने त्यांनीही हात वर केले. आमदारांकडे आम्ही एकाच ट्रॅक्टरमधून गेलो. पाटबंधारेच्या ऑफिसात इंजिनिअर साहेबांनी बांबूच्या खुणा वहीत उतरवून घेतल्या. काका बाहेर पायरीवरच बसले. “माह्या ओळखीनं नोको, तुमच्या मापानं होऊ द्या.”

गेट उघडलं, आणि कमरेइतकं पाणी ठेवून बंद झालं.

आता काकांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशनला भितात म्हणे. सुट्टी मिळाली की मी येईन, काका. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुमचा हात धरून नेईन, पट्टी सुटेपर्यंत हलणार नाही.