सातांशी सारखंच वाकडं

आक्षेपकाकांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर होतं आणि बहुधा तिथंच राहणार होतं. सगळं शहर त्यांना आक्षेपकाका म्हणायचं. या नावालाही त्यांनी एकदा लेखी आक्षेप घेतला होता. त्यामुळे ते आणखीच पक्कं झालं.

टेलिफोन खात्यात तारा तपासण्यात काकांची बत्तीस वर्षं गेली. तार कुठं लोंबतेय, खांब कुठं कलतोय, हे टिपणारी नजर काही निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करता येत नाही. ती काकांबरोबर घरी आली आणि मिळेल त्यावर काम करू लागली. इमारतीच्या समितीनं त्यांना पाच महिन्यांत मोकळं केलं, वाचनालयाच्या समितीनं तीन महिन्यांत. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी तर ठरावबिराव काही केला नाही. सरळ रस्ता बदलला.

"अहो, तुमचं कुणाशी पटतं तरी का?" काकू विचारायच्या.

"तुझ्याशी पटतं की."

"ते मी पटवून घेते म्हणून," म्हणत काकू भाजी चिरायला बसायच्या.

शहरात इंटरनेट पुरवणारे सातजण होते, आणि काकांनी सातही जणांकडून पाळीपाळीनं जोडणी घेऊन पाळीपाळीनं सोडली होती. एकाची तार काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर टेकली होती. एकाच्या माणसानं शिडी थेट कुंडीत रोवली होती. एकाचा माणूस "दहा मिनिटांत येतो" म्हणून गुरुवारी निघाला तो मंगळवारी पोचला. प्रत्येकाला काकांनी पत्रं धाडली: वर क्रमांक, खाली लाल शाईत 'नोंद घ्यावी'. काका आणि हे सातजण यांच्यात विस्तव जात नव्हता.

सातजण आपापसातही काही गळ्यात गळे घालून फिरत नव्हते. एकाची तार दुसऱ्याच्या तारेला शहरात कुठंच भेटत नव्हती. त्यामुळे एकाच्या गिऱ्हाइकानं समोरच्या घरातल्या, म्हणजे दुसऱ्याच्या, गिऱ्हाइकाला निरोप धाडला की तो निरोप आधी सहाशे मैलांवरच्या राजधानीला जायचा, तिथं वळायचा आणि मग रस्त्यापलीकडे पोचायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. निरोपांचं एक वेळ चालून गेलं. फरशीच्या कारखान्याचं चालेना. तिथं पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक फरशीचा फोटो काढायचा आणि ती तडकलीय का, ते एआयला विचारायचं, अशी सोय केली होती. एआय उत्तर अगदी बरोब्बर द्यायचं. पण ते उत्तर राजधानीची हवा खाऊन येईस्तोवर तडकलेली फरशी खोक्यात जाऊन ऐसपैस बसलेली असायची.

मग एआयची यंत्रं चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं कळवलं, की तुम्ही सातजण एका खोलीत तारा आणून जोडा, आम्ही आमची यंत्रं तुमच्याच शहरात आणून ठेवतो. कारखान्याला, दवाखान्याला, सगळ्यांना उत्तर चुटकीसरशी. अट एकच. खोलीची किल्ली सातांपैकी कुणाच्याही माणसाकडे नको. किल्लीवाला तटस्थ हवा.

खोली मिळाली, वाचनालयामागची, जुन्या वर्तमानपत्रांची. नाव तर तयारच होतं, सगळ्यांच्या तारा जिथं भेटतात त्या जागेला म्हणतात तेच, 'एक्सचेंज'. घोडं अडलं ते किल्लीपाशी.

"मी काय म्हणतो," छत्रीवाला म्हणाला. हा पूर्वी घरांवर डिशच्या छत्र्या बसवायचा. त्याचं प्रत्येक वाक्य इथं सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा इथंच संपायचं. "मी काय म्हणतो... माझा मेहुणा आहे की."

"मेहुणा मेहुणा नको," झेरॉक्सबाई म्हणाल्या. झेरॉक्सच्या दुकानातून त्या इंटरनेटच्या धंद्यात आल्या होत्या, आणि तोंडून शब्द अजून दोन प्रतींत निघत होते. "माझी पुतणी पुतणी चालेल?"

"आता पुतणी म्हटल्यावर माणसानं..." मामा म्हणाले. मामा सातांत वयानं मोठे. वाक्य पुरं करायचा त्यांना कंटाळा. शेवट ते समोरच्यावर सोपवायचे.

मेहुणा गेला, पुतणी गेली. बाकीच्यांनी एक साडू, एक शेजारी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक पुढं केले, तेही गेले. मुख्याध्यापकांनी सातांपैकी तिघांना छड्या मारलेल्या निघाल्या आणि ते तिघे अजून त्यांना घाबरत होते.

"अहो अहो, ज्याचं आपल्या एकाशीही पटत नाही, असा कुणी कुणी आहे का या शहरात?" झेरॉक्सबाई वैतागून म्हणाल्या.

सातांच्याही डोळ्यांपुढं एकदमच लाल शाई आली. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं एकमत.

दुसऱ्या दिवशी सातजण काकांच्या दारात. काकांनी दार चार बोटं उघडलं. "तक्रार असेल तर लेखी द्या."

"तक्रार नाही नाही. किल्ली किल्ली आहे," झेरॉक्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. सहा महिने काकांनी खोली सांभाळायची. मग कंपनीची बाई तपासायला येईल, सातजण सही करतील, ती सही करेल, की किल्ली कायमची काकांची.

"माझा आक्षेप..." काका सवयीनं म्हणाले आणि थांबले. आत शोधशोध शोधलं, आक्षेप सापडेना.

मंडळी गेल्यावर ते किल्ली तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले. "अगं, आजवर सगळ्यांनी काढूनच घेतलं माझ्याकडून. घरी येऊन हातात काही दिलं ते हे पहिलंच." काकूंनी चिरणं थांबवलं. मग किल्लीला बांधायला चांगली जाड सुतळी शोधून दिली.

काकांनी खोलीला नियम घातला: आत एकट्यानं जायचं नाही. जायचं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन माणसं, वहीत वेळ, सही. झाडू मारायलासुद्धा हाच नियम, स्वतः काकांनाही. त्यामुळे दर सोमवारी काका झाडू मारायचे आणि दोन मालक साक्षीदार म्हणून पाय वर धरून बसायचे. आत लोखंडी मांडण्या, पिवळ्या तारा, डोळे मिचकावणारे हिरवे दिवे आणि एसीची एकसुरी घरघर. बाहेर एक बाक. छत्रीवाल्याला तार बघायची असली, तर झेरॉक्सबाई येईपर्यंत बाकावर बसावं लागे. बसलं की बोलणं आलं. बोलणं कुणाशी, तर काकांशी. त्यांच्याकडे बत्तीस वर्षांच्या तारांच्या गोष्टी होत्या, आणि वीज पडलेल्या खांबाची गोष्ट ते अशी काही सांगत की खांबालाच घाम फुटावा.

पाचव्या महिन्यात काकांना ताप आला. दुपारी छत्रीवाला सूपचा डबा घेऊन हजर. पाठोपाठ झेरॉक्सबाई. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सात डबे.

"कुणाचं आधी देऊ?" काकूंनी विचारलं.

"आधी-नंतर नाही. एकेका डब्यातले तीन-तीन चमचे. मोजून."

"अहो, मामांच्या सूपला चव आहे. त्याचे चार घ्या."

"चौथा चमचा म्हणजे पक्षपात." काकांनी ताप असतानाही बोट वर केलं. एकवीस चमचे सूप पोटात गेलं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. कशानं उतरला, याचं श्रेय ते कुणालाच देईनात.

आणि मग कंपनीचं पत्र आलं. बाई गुरुवारी येणार. इतर कलमांत एक कलम होतं: किल्लीधारकाची कोणत्याही सभासदाशी विशेष जवळीक नसावी. काकांनी ते चष्म्यानं वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि खुर्चीत बसले.

"मेलो. एकाशी नाही, सातांशी जवळीक आहे."

"मग सारखीच झाली ना?"

"सारखी जवळीक म्हणजे जवळीकच. मी तपासणीला असतो तर लाल शाईनं लिहिलं असतं." काका उठून चपला शोधू लागले. "आजचा दिवस आहे. भांडून येतो."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी."

"मग छत्री न्या," काकू म्हणाल्या. "भांडताना ऊन लागतं तुम्हाला."

पहिला छत्रीवाला. काका दुकानात शिरून गरजले, "तुझी तार माझ्या हिच्या दोरीवर टेकली होती! आठवतंय?"

"मी काय म्हणतो..." छत्रीवाल्याचा चेहरा पडला. "खरंच चुकलं हो काका. काकूंचं काही फाटलं-बिटलं नव्हतं ना? बसा. पंखा लावू?"

आता पंखा लावणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? काका वारं खाऊन उठले.

झेरॉक्सबाईंना ते म्हणाले, "तुमचा माणूस गुरुवारचा मंगळवारी आला!"

"हो हो! आणि तुम्ही त्याला दारातच आठवड्याचे वार म्हणून दाखवायला लावलेत!" त्या इतक्या हसल्या की हिशेब करणारी बाई आतून बघायला आली. "अजून अजून सांगते मी सगळ्यांना. सरबत सरबत घेणार?"

काकांनी सरबत नाकारलं. मग मामांना तरी आठवण होईल म्हणून मुद्दाम त्यांच्या कुंडीत छत्रीचं टोक रोवलं. मामा बघत राहिले. "अहो, तुमच्या कुंडीत आमची शिडी गेली होती, त्या मानानं हे म्हणजे..." एवढं बोलून त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं काकांवर सोडलं. बाकीच्या चौघांकडेही तेच. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यभर भांडण शोधावं लागलं नव्हतं, आणि आज गरज होती तर घरोघर फिरून एक मिळेना.

काका घरी आले. भांडण सोडून सगळं मिळालेल्या माणसासारखे दिसत होते. "उद्या किल्ली जाणार," एवढंच म्हणाले.

गुरुवारी बाई आली. वय लहान, गळ्यात ओळखपत्र, चालणं भराभर. सातजण इस्त्रीचे कपडे घालून बाकाशी उभे.

"मला फक्त पाच मिनिटं आत सोडा. फोटो काढते आणि निघते. दुसरं कुणी नको, फोटोत माणसं येतात."

"या या," झेरॉक्सबाई म्हणाल्या.

"एकट्याला आत सोडत नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या कंपनीचा एकजण बरोबर लागतो. वहीत सही लागते."

बाईनं घड्याळ पाहिलं. "मी तपासायला आलेय."

"मग तर लागतेच."

सातजणांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या कंपनीसाठी सगळा खटाटोप, तिलाच हा माणूस दारात अडवत होता.

"मी काय म्हणतो, काका, सोडा ना! यंत्रं दुसऱ्या शहरात जातील!"

"नियम नियम आमच्यासाठी! पाहुण्यांना कशाला कशाला?"

"अहो, माणसानं प्रसंग बघून..."

"प्रसंग बघून बदलतो तो नियम नव्हे," काका म्हणाले. किल्लीची सुतळी त्यांनी बोटाला दोनदा गुंडाळली. "हवी तर किल्ली आत्ता परत घ्या, दुसरा माणूस बघा. पण माझ्या हातात आहे तोवर एकटं कुणी आत जाणार नाही."

मग भडका उडाला. सातही जण एकदम बोलू लागले. हेकट, आडमुठा, खडूस, सगळं निघालं. छत्रीवाला म्हणाला, तार दोरीवर टेकली ते उत्तमच झालं. झेरॉक्सबाई म्हणाल्या, सूपचा डबा डबा परत द्या. मामांनी तर एक अख्खं वाक्य पुरं केलं, "तुम्हाला समित्यांनी काढलं ते अगदी योग्य केलं!" ते ऐकून मामाच दचकले. काका भिंतीला पाठ लावून ऐकत होते. आदल्या दिवशी उन्हातान्हात फिरून एकही भांडण मिळालं नव्हतं, आणि आज सातही भांडणं पदरात येऊन पडली होती. पण त्या घटकेला त्यांना हे सुचलंसुद्धा नाही. मनाला लागायचं ते लागलंच.

"बरं, मग कुणीतरी एक चला माझ्याबरोबर," बाई म्हणाली.

आता हा एक कोण? छत्रीवाला निघाला, तर उरलेल्या सहांना वाटलं हा आत जाऊन तिच्याशी गोड बोलणार. झेरॉक्सबाई निघाल्या, तर तेच. अखेर सातही आत गेले. काकांनी वहीत आठ नावं घेतली, आठ सह्या घेतल्या आणि स्वतः बाहेर राहिले. काचेतून दिसत होतं: मांडण्यांमधल्या बोळात सातजण पोटं आत घेऊन उभे आणि बाई त्यांच्या कोपरांखालून फोटो काढतेय.

बाहेर आल्यावर तिनं कागद काढला. "या गृहस्थांची तुमच्यापैकी कुणाशी विशेष जवळीक?"

"यांची?" सातही जणांनी काकांकडे अशी नजर टाकली की कागदावर दुसरं काही लिहायची सोयच राहिली नाही.

"ठीक. या खोलीची काळजी मिटली." तिनं 'कायम' शब्दापुढं खूण केली. सातजणांनी गुश्शातच, पण मुकाट्यानं सह्या केल्या. शेवटी तिनं केली आणि कागद काकांच्या हातात दिला.

काकांनी तो चष्म्यानं वाचला. आपलं नाव, खरं नाव, त्यांनी दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग कागद उजेडात धरला.

"बाई, छत्रीवाल्याची सही चौकटीच्या बाहेर गेलीय."

बाईनं एक दीर्घ श्वास घेतला, पिशवीतून कोरा कागद काढला, आणि सातजण दातओठ खात पुन्हा रांगेत उभे राहिले.