कावीळ लिवा

जुन्नरच्या कचेरीतला तो कारकून कुठलाही अर्ज खालून वर वाचायचा. आधी सही, मग मजकूर. बोलताना मान वर करायचा नाही. महिला मंडळातर्फे मी कोठडीतल्या बायकांना भेटायला जात असे, म्हणून त्याची ओळख.

आंबेगावच्या डोंगरातली एक बाई दारूबंदीत पकडलेली होती. दारू एकदम तुटल्यानं तिला झटके येत होते. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं औषध सांगितलं. त्याच्या खर्चासाठी मी अर्ज नेला.

"दारूडीला सरकार पैसा देत न्हाई, बाई. आजाऱ्याला देतं. कावीळ लिवा."

"उद्या साहेब तपासणीला येणार. खोटं लिहू?"

"मग मरू द्या तिला," म्हणून त्यानं दुसरा कागद ओढला.

मी कावीळ लिहिली, आणि त्यानं खाली तपासल्याची आपली सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेब अर्ज घेऊन कोठडीच्या दारात थांबले. "कावीळ? डोळे बघू."

बाई थरथरत पुढे आली. डोळे पांढरेशुभ्र. आता औषध जाणार, आणि कारकुनाची नोकरीही.

तो मध्ये आला. "जरा लांबूनच, साहेब. लई लागणारा रोग हाय."

साहेब दोन पावलं मागे सरले आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी सही केली.