मी ओळखलेली गुप्ती

बीडात गुप्तीचा माझ्याइतका पारखी दुसरा झाला न्हाई. गेवराईपासून तेलगावपर्यंत कुणालाही विचारा! म्हणजे खरंच विचारा. माणूस आधी पोट धरून हसेल, मग तांब्याभर पाणी पिईल, आणि मग सांगेल. त्यापेक्षा मीच सांगतो. निदान माझी बाजू तरी जरा बरी दिसेल.

गुप्ती म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. दिसायला नुसती काठी. कुणी म्हातारा टेकत चाललाय असंच वाटावं. पण मुठीखालचा खटका दाबून ओढलं, की आतून सर्रकन हातभर पातं बाहेर! निजामाच्या अमलात आमच्या बीडच्या गुप्त्या लांब लांब जायच्या. आणि त्या घडवणारे उस्ताद कसले वस्ताद! वर्षभर दार लावून काम करायचे. खटका कसा बसवतात ते सख्ख्या मेव्हण्याला दाखवायचे न्हाईत.

उरुसाच्या दिवशी मात्र साऱ्या गल्लीची दारं सताड उघडी. पाण्याच्या कातडी छागली शिवणारे असोत, गुप्तीवाले असोत, सगळ्यांचे कारखाने लोकांना खुले. या, बघा, पान खा, फक्त हात लावू नका!

इमाम उस्तादाकडं तर त्या दिवशी खेळच असायचा. येणारे लोक आपापल्या काठ्या दाराशी ठेवायचे. उस्ताद त्या सगळ्या उचलून भिंतीला ओळीनं लावायचा, त्यात आपली एक गुप्ती मिसळायचा आणि म्हणायचा, "हाँ, पैचानो!" बघायचं लांबूनच. ज्याला वाटेल त्यानं एकच काठी उचलायची आणि उघडून दाखवायची. चुकला, की अख्खी गल्ली हुर्यो करणार. जिंकला, तर उस्ताद स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधणार. तो फेटा अजून कुणाच्या डोक्यावर चढला नव्हता.

मला तो फेटा पायजे होता. कावून? बायकोसाठी!

लग्न होऊन वरीस झालं, तरी आमची सोना गेवराईला माहेरीच. सासरे, म्हणजे आबा, तिला नांदायला धाडतच नव्हते. थोडी चूक माझी होती म्हणा. लग्नात मी वाजंत्र्याच्या सनईत चिंचोका बसवून ठेवला होता. तो बिचारा गाल फुगवून फुगवून लालबुंद झाला, पण सनईतून चकार शब्द न्हाई! निम्मं लग्न नुसत्या डफड्यावर लागलं. हे पुढं आबांच्या कानावर गेलं आणि त्यांचा निरोप आला, "जावई वरून हसतो, पण आत काय लपवून ठेवलंय ते कळत न्हाई. असल्याच्या घरी पोर कशी धाडावी? उरुसाला येतो, माणूस पारखतो, मग बघू."

आता मला सांगा, सासरा पारखायला येतोय म्हणल्यावर जावयानं चमकायला नको?

म्हणून आदल्या दिवशी मी उस्तादाकडं गेलतो. गुप्ती घ्यायचीय असा बहाणा केला. उद्याच्या खेळाची गुप्ती कोनाड्यात वेगळी काढून ठेवलेली. उस्ताद पानाचा डबा आणायला आत वळला, तेवढ्यात मी ओल्या हळदीचं बोट तिच्या मुठीखाली फासलं. झालं काम! उद्या ओळीत पिवळं बोट शोधायचं आणि फेटा बांधून घरी यायचं.

उरुसाच्या सकाळी आबा गाडीतून उतरले. माणूस खंडोबाचा भारी भक्त. वाटेत देवाला जाऊन आलेले. कपाळाला भंडारा, पागोट्याला भंडारा, बैलांच्या शिंगांना भंडारा! मी पाया पडलो, तर मूठभर माझ्याही टाळक्यावर.

"काय जावईबापू, सुधारलाव का?"

"आबा, आज तुमी बघाच!"

उस्तादाच्या कारखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आबा गर्दीत दारापाशीच अडकले. मी कोपरानं वाट काढत पुढं. एका पाटलानं काठी उचलली, ती काठीच निघाली. हुर्योऽऽ! एका शिपायानं उचलली, ती बी काठीच. हुर्योऽऽ!

"और कौन?" उस्ताद मिशीत हसला.

"मी!" म्हणलं.

ओळीवरनं नजर फिरवली. शेवटाकडं एक शिसवी काठी, पितळी मुठीची. आणि मुठीखाली पिवळं धमक बोट! माझ्या मनात उकळ्या फुटल्या. पण लगेच उचलली तर मजा काय? मी डोळे मिटले. नाक वर करून वास घेतला. म्हणलं, "पोलादाचा वास लपत न्हाई, उस्ताद." मग एकदम झडप घातली. "हीच!"

तेवढ्यात मागून आबा ओरडले, "आवो जावईबापू! आवो, ऐका जरा!"

बघा! सासऱ्याला अभिमान आवरंना. मी हात वर करून म्हणलं, "थांबा आबा, आत्ता पातं दावतो!"

ओढलं. निघंना. खटका चाचपला. सापडंना.

"मियाँ, नक्को! हल्लू, हल्लू!" उस्ताद हात चोळायला लागला.

हरायची पाळी आली की हे लोक असंच घाबरवतात, मला काय कळत न्हाई? मी म्हणलं, "उस्ताद, खटका गंजला की तुमचा!" गल्ली खदाखदा हसली. मला आणखी चेव आला. काठी गुडघ्यात धरली आणि मूठ पिळली.

"आरं, धरा रे त्याला कुणीतरी!" आबा आता किंचाळत होते. मला वाटलं, जावयाला खांद्यावर घ्या म्हणतायत!

कडाड!

मूठ माझ्या हातात. काठी पायाशी. आणि आत? लाकूड हो, निव्वळ लाकूड!

उस्तादानं शेजारचीच काठी उचलली, अंगठा दाबला. सर्रकन पातं बाहेर आलं. त्या मुठीखाली हळदीचा मागमूस नव्हता.

"सुबा तेल से पोंछ्या था ना मियाँ," तो हळूच म्हणाला, "उरुस का दिन, चमकना पड़ता."

तोवर आबा गर्दीतून पुढं पोचले होते. त्यांनी माझ्या हातातली मूठ घेतली. खालचा पिवळा ठिपका बोटानं पुसला आणि कपाळाला लावला. भंडारा होता हो तो! पागोट्याला लावला, शिंगांना लावला, तसा काठीलाही लावला होता.

"माझ्या बापाची काठी व्हती," आबा म्हणाले. "तुमाला हीच गुप्ती कावून वाटली?"

मी थाप मारण्यात तरबेज माणूस. पण त्या दिवशी जीभ थापेकडं वळंना. कोनाडा, हळदीचं बोट, फेटा, सगळं भडाभडा ओकलो, तेही साऱ्या गल्लीसमोर! आबांनी दोन्ही तुकडे उपरण्यात गुंडाळले, बैल जुंपले आणि न जेवता गेवराईला निघून गेले.

त्यानंतर बीडात माझं जिणं काय झालं ते विचारू नका. बाजारात भेंडी घ्यायला गेलो तर भाजीवाला म्हणायचा, "जरा वास घेऊन सांग बे, कोवळी हाय का!" बायको काही आता येत न्हाई, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो.

आणि एक दिवस दारात गाडी उभी! सोना गाठोडं घेऊन खाली उतरली. मी डोळे चोळले. हसावं का रडावं कळंना. ती चुलीपाशी टेकल्यावर मोठ्या धीरानं विचारलं, "आगं, एवढं रामायण झालं, तरी आबांनी तुला धाडलं कसं?"

सोनानं गाठोडं सोडत वर बी न बघता सांगितलं, "आबा म्हणले, जा बिनघोर. जावई पुरता उघडून बघितलाय. नुसती काठी हाय, आत काय बी न्हाई."